स्वादुपिंड व आंत्र यांतील अंतःस्रावी पेशींची उत्पत्ती : एक अभ्यास

प्रास्ताविक

गतवर्षी पावसाळ्यात नऊ वर्षांच्या एका मुलास घेऊन त्याचे वडील चिकित्सालयात आले. मुलास बालवयातील मधुमेह असल्याचे निदान होऊन अडीच महिने झाले होते. आरंभी इन्सुलिनची जेवढी मात्रा लागत होती तिच्या निम्म्याहूनही कमी मात्रेवर आता भागत होते. याच काळात कोणी तरी सुचविलेले एक चूर्ण सुरू झाले होते आणि हा सारा त्या चूर्णाचा गुण आहे अशी वडिलांची समजूत झाली होती. "डॉक्टर, आता सुई बंद करून नुसत्या चूर्णावर ठेवलं तर चालेल ना?" असा त्यांचा सरळ प्रश्न होता.

मधुमेहाची चिकित्सा करणाऱ्या प्रत्येक वैद्यास हा प्रश्न कधी ना कधी विचारला जातो. त्याचे उत्तर केवळ अनुभवाच्या किंवा श्रद्धेच्या बळावर देणे धोक्याचे आहे. इन्सुलिन निर्माण करणारी पेशी शरीरात कोठून येते, केव्हा येते आणि ती नष्ट झाल्यास तिच्या जागी दुसरी येते किंवा नाही, हे ज्यास ठाऊक आहे तोच हे उत्तर जबाबदारीने देऊ शकेल. प्रस्तुत लेखात स्वादुपिंड व आंत्र या दोन्ही ठिकाणच्या अंतःस्रावी पेशींच्या उत्पत्तीचा एकत्रित विचार केला आहे, कारण या पेशी एकाच कुळातील आहेत.

आरंभीच परिभाषेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. संहितांमध्ये 'पेशी' हा शब्द मांसपेशी या अर्थी येतो. मराठी विज्ञानलेखनात मात्र शरीराच्या सूक्ष्मतम सजीव घटकास पेशी म्हणतात. येथे हा दुसरा अर्थ अभिप्रेत आहे.

१. शोधाचा इतिहास

बर्लिन येथे शिकणाऱ्या पॉल लँगरहॅन्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने १८६९ साली आपल्या प्रबंधात स्वादुपिंडातील लहान लहान पेशीसमूहांचे वर्णन केले. सभोवतीच्या पाचक स्राव करणाऱ्या पेशींहून ते भिन्न दिसत होते. त्यांचे कार्य मात्र त्यास सांगता आले नाही. १८८९ साली मिंकोव्स्की व फॉन मेरिंग यांनी श्वानाचे स्वादुपिंड काढून टाकले असता त्यास मधुमेह होतो हे दाखविले. १८९३ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ लागेस यांनी त्या पेशीसमूहांना 'लँगरहॅन्सची द्वीपके' हे नाव दिले व ती अंतःस्राव निर्माण करीत असावीत असे सुचविले. १९२१ मध्ये टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांच्या प्रयोगांतून इन्सुलिन हाती आले.

आंत्राच्या अंतःस्रावाचा शोध त्याहून आधीचा आहे. १९०२ साली लंडन येथे बेलिस व स्टार्लिंग यांनी श्वानाच्या लघ्वंत्राच्या एका भागाचे चेतातंतू तोडले व त्या भागात अम्ल सोडले. चेतातंतूंचा संबंध नसतानाही स्वादुपिंडातून पाचक रस वाहू लागला. आंत्राच्या अस्तरातून निघून रक्तावाटे जाणाऱ्या या द्रव्यास त्यांनी 'सिक्रेटिन' असे नाव दिले. संप्रेरक या अर्थाचा 'हॉर्मोन' हा शब्द स्टार्लिंग यांनी १९०५ साली प्रथम वापरला. म्हणजे संप्रेरकाची कल्पनाच मुळात आंत्राच्या अभ्यासातून जन्मास आली, ही गोष्ट ग्रहणीस विशेष महत्त्व देणाऱ्या आयुर्वेदाच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

२. कूळ कोणते? चेतासंस्थेचे की आंत्राचे?

या पेशी चेतापेशींशी अनेक बाबतींत मिळत्याजुळत्या आहेत. दोघींतही स्राव सूक्ष्म कणिकांत साठविला जातो आणि संकेत मिळताच बाहेर सोडला जातो. या साम्यावरून ब्रिटिश शास्त्रज्ञ पिअर्स यांनी १९६० च्या दशकात असे मत मांडले की, अंतःस्रावी पेशी भ्रूणाच्या चेतासंस्थेपासून निघून आंत्रात व स्वादुपिंडात येऊन वसतात. हे मत बराच काळ प्रचलित होते.

त्याचा निर्णय फ्रान्समधील निकोल ल दुआरँ यांच्या कल्पक प्रयोगांनी लागला. लाव पक्षी व कोंबडी यांच्या पेशींची केंद्रके सूक्ष्मदर्शकाखाली वेगळी ओळखता येतात. कोंबडीच्या भ्रूणातील चेतासंस्थेचा भाग काढून त्या जागी लाव पक्ष्याचा तोच भाग बसविला, तर पुढे लावाच्या पेशी कोठे कोठे पोहोचल्या हे पाहता येते. १९७० च्या दशकातील या प्रयोगांत आंत्राच्या भित्तीतील चेतापेशी लावाच्या आढळल्या, परंतु आंत्राच्या अस्तरातील व स्वादुपिंडातील अंतःस्रावी पेशी मात्र कोंबडीच्याच निघाल्या. त्या बाहेरून आलेल्या नव्हत्या, आंत्राच्या अस्तरातच जन्मल्या होत्या. पुढे १९७४ मध्ये चेंग व लेब्लाँ यांनी उंदराच्या लघ्वंत्राचा अभ्यास करून, शोषण करणाऱ्या, श्लेष्मा स्रवणाऱ्या, संरक्षक व अंतःस्रावी अशा चारही प्रकारच्या पेशी एकाच मूलपेशीपासून होतात असे प्रतिपादन केले.

३. स्वादुपिंडाचे अंकुर

भ्रूणाचे तीन स्तर आपण शारीर विषयात शिकतो. त्यांपैकी अंतःस्तरापासून एक नलिका बनते व तीच भावी महास्रोतस होय. मानवी गर्भाच्या चौथ्या-पाचव्या आठवड्यात या नलिकेस, जेथे पुढे ग्रहणी होणार त्या भागात, दोन अंकुर फुटतात. एक पृष्ठभागी व दुसरा उदरभागी. उदरभागी अंकुर यकृत व पित्तनलिका यांच्या अंकुरास लागून असतो. आंत्र वळते तेव्हा तो फिरून मागे जातो आणि सातव्या आठवड्याच्या सुमारास दोन्ही अंकुर एकत्र होऊन एकच स्वादुपिंड तयार होते.

अंतःस्तराच्या नेमक्या याच भागास अंकुर का फुटावेत, याचे उत्तर शेजाऱ्यांत आहे. पृष्ठभागी भावी पृष्ठवंशाच्या जागी असलेला दंड तेथील अंतःस्तरास संकेत देऊन त्यातील एक प्रतिबंध दूर करतो, आणि प्रतिबंध सुटला की स्वादुपिंड घडू लागते. उदरभागी हृदयाचा गर्भ जवळ असतो. त्याचे संकेत ज्या पेशींना पोहोचतात त्या यकृत होतात व जेथे ते पोहोचत नाहीत तेथे स्वादुपिंड होते. यकृत आणि स्वादुपिंड ही अशी एकाच अंगणातील भावंडे आहेत.

या अंकुरांच्या पेशींत पीडीएक्स-१ नावाचे नियामक प्रथिन प्रकट होते. नियामक प्रथिन म्हणजे इतर जनुकांना चालू वा बंद करणारे प्रथिन. १९९४ साली असे दिसून आले की, ज्या उंदरांत याचे जनुक नसते ते स्वादुपिंडाविनाच जन्मतात. १९९७ मध्ये एका मानवी बालकातही हाच दोष आढळला. त्या बालकास स्वादुपिंड जवळजवळ नव्हतेच.

४. एकच कळ, अनेक पेशी

अंकुराला शाखा फुटत जातात व त्यांतून नलिकांचे जाळे बनते. बहुसंख्य पेशी पाचक रस करणाऱ्या किंवा नलिकेच्या भित्ती होतात. थोड्या पेशींत मात्र काही काळ न्यूरोजेनिन-३ हे नियामक प्रथिन प्रकट होते, आणि ज्या पेशीत ते पुरेशा प्रमाणात प्रकटले ती अंतःस्रावी होते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या जनुकाविना जन्मलेल्या उंदरांच्या स्वादुपिंडात एकही अंतःस्रावी पेशी नव्हती व ते जन्मानंतर थोड्याच दिवसांत मधुमेहाने मेले. २००२ मध्ये अशा उंदरांच्या आंत्रातही अंतःस्रावी पेशींचा अभाव असल्याचे दिसले. अवयव दोन असले तरी कळ एकच आहे, हे यावरून स्पष्ट झाले.

सर्वच पेशींत ही कळ का चालू होत नाही? ज्या पेशीने हा मार्ग धरला ती आपल्या लगतच्या पेशींना त्यापासून रोखणारा संकेत देते. थोरल्या भावाने घर सोडून नोकरी धरली की धाकट्यास शेतीवर थांबावे लागते, तसाच हा प्रकार आहे. त्यामुळे पाचक स्राव करणाऱ्या पेशी भरपूर राहतात व अंतःस्रावी पेशी मोजक्याच होतात. प्रौढ माणसाच्या स्वादुपिंडात द्वीपकांचा भाग अवघा १ ते २ टक्के असतो.

कळ चालू झाल्यानंतर कोणते संप्रेरक तयार करावयाचे याचा निर्णय पुढील नियामकांवर अवलंबून असतो. पॅक्स-४ प्रबळ झाले तर इन्सुलिन करणारी बीटा पेशी, एआरएक्स प्रबळ झाले तर ग्लुकॅगॉन करणारी अल्फा पेशी, असे स्थूलमानाने म्हणता येते. उंदरात पॅक्स-४ नसेल तर बीटा पेशी होत नाहीत व अल्फा पेशी वाढतात. रक्तातील शर्करा उतरविणारी व चढविणारी अशा परस्परविरुद्ध कार्याच्या या दोन पेशी सख्ख्या बहिणी आहेत. सोमॅटोस्टॅटिन, घ्रेलिन व स्वादुपिंडीय पॉलिपेप्टाइड करणाऱ्या पेशीही याच घरातील होत.

मानवी गर्भात इन्सुलिनयुक्त पेशी आठव्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागतात. त्या नलिकांच्या भित्तीपासून वेगळ्या होऊन पुंजके करतात, पुंजक्यांत केशवाहिन्या शिरतात आणि तिसऱ्या महिन्याच्या अखेरीपासून द्वीपके ओळखू येतात. न्यूरोजेनिन-३ चे प्रकटन गर्भावस्थेच्या पूर्वार्धात सर्वाधिक असून जन्माच्या सुमारास ते जवळजवळ लोपते. यापुढील विवेचनाचा आधार हीच गोष्ट आहे.

५. आंत्र : नित्य नूतन होणारे क्षेत्र

आंत्रातील स्थिती याहून निराळी आहे. लघ्वंत्राच्या अस्तरावर रसांकुर असतात व त्यांच्या पायथ्याशी खोलगट गर्तिका असतात. गर्तिकेच्या तळाशी मूलपेशी आयुष्यभर विभागत राहतात. २००७ मध्ये नेदरलँड्समधील हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने या मूलपेशी निश्चितपणे ओळखल्या आणि २००९ मध्ये अशा एकाच मूलपेशीपासून प्रयोगशाळेत आंत्राची लघुप्रतिकृती वाढवून दाखविली. नव्या पेशी वर सरकतात व रसांकुराच्या टोकाशी गळून पडतात. बहुतांश अस्तर अशा रीतीने चार-पाच दिवसांत नवे होते.

या प्रवाहात काही पेशींमध्ये न्यूरोजेनिन-३ ची कळ चालू होते व त्या अंतःस्रावी होतात. एकूण अस्तरात त्यांचे प्रमाण सुमारे १ टक्का आहे. परंतु आंत्राची लांबी लक्षात घेता हा शरीरातील सर्वांत मोठा अंतःस्रावी अवयव ठरतो. कोणत्या भागात कोणते संप्रेरक हे बरेचसे ठरलेले असते. आमाशयाच्या अधोभागी गॅस्ट्रिन, ग्रहणीत सिक्रेटिन व कोलेसिस्टोकायनिन, लघ्वंत्राच्या ऊर्ध्वभागी जीआयपी, तर अधोभागी व बृहदंत्रात जीएलपी-१ विशेषेकरून असते. शरीरातील बहुतांश सिरोटोनिनही आंत्रातील याच वर्गाच्या पेशी तयार करतात. अलीकडील संशोधनानुसार गर्तिकेतून वर सरकताना एकच पेशी आपले संप्रेरक बदलू शकते. जसे स्थान, तसा संकेत व तसे कार्य.

आंत्र व स्वादुपिंड यांचे नाते जन्मानंतरही तुटत नाही. शर्करा शिरेतून दिल्यास जितके इन्सुलिन स्रवते त्याहून पुष्कळ अधिक ती मुखावाटे दिल्यास स्रवते, कारण अन्न आंत्रात येताच जीआयपी व जीएलपी-१ बीटा पेशींना आगाऊ सूचना देतात. नैसर्गिक जीएलपी-१ रक्तात दोन-एक मिनिटेच टिकते. त्याच्याप्रमाणे कार्य करणारे दीर्घकाळ टिकणारे पहिले औषध २००५ साली अमेरिकेत मान्य झाले. आज या वर्गातील औषधे घेणारे रुग्ण आपल्याकडेही येतात.

६. एका दुर्मीळ व्याधीचा धडा

२००६ साली तीन बालकांचे वृत्त प्रसिद्ध झाले. जन्मल्यापासून त्यांना तीव्र अतिसार होता. पाण्याव्यतिरिक्त मुखावाटे घेतलेले काहीही त्यांना सोसत नसे व पोषण शिरेवाटे द्यावे लागे. आंत्राचे रसांकुर पाहता प्राकृत होते, शोषण करणाऱ्या पेशीही जागेवर होत्या. अभाव होता तो केवळ अंतःस्रावी पेशींचा, आणि दोष होता न्यूरोजेनिन-३ च्या जनुकात. पुढे या व्याधीच्या काही रुग्णांत मधुमेहही उद्भवला.

शंभरात एक असणारी पेशी नसेल तर उरलेल्या नव्याण्णव असूनही अन्न पचत व शोषले जात नाही, हे या बालकांनी दाखविले. चरकाचार्यांनी ग्रहणीस अग्नीचे अधिष्ठान म्हटले आणि सुश्रुताचार्यांनी तेथे पित्तधरा कला सांगितली. येथे अग्नी म्हणजे संप्रेरक असे समीकरण मांडण्याचा मोह टाळावा. अग्नी ही व्यापक संकल्पना आहे, ती एका पेशीत बसविता येणार नाही. तथापि पचनाचे नियमन अन्नवह स्रोतसाच्या भित्तीतूनच होते, या निरीक्षणाचे मोल या उदाहरणाने अधिक कळते.

सर्व अंगे एकाच वेळी परंतु सूक्ष्म रूपाने उत्पन्न होतात, हे धन्वंतरींचे मतही येथे आठवते. कोवळ्या आम्रफळात केसर, गर व कोय वेगळी दिसत नाहीत, काळाने ती व्यक्त होतात, असा दृष्टांत सुश्रुतसंहितेत आहे. अंतःस्तराच्या एकसारख्या दिसणाऱ्या पेशींतून भिन्न पेशी क्रमाने व्यक्त होतात, हे समजावून देण्यास विद्यार्थ्यांसाठी याहून सोपा दृष्टांत नाही.

७. साम्य आणि भेद

दोन्ही ठिकाणच्या पेशींचे कूळ एक, कळ एक, परंतु पुढील आयुष्य भिन्न. आंत्रातील अंतःस्रावी पेशी आयुष्यभर नव्याने जन्मतात. बीटा पेशींचा साठा गर्भावस्थेत घडतो, जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत असलेल्या पेशींच्या विभाजनाने वाढतो आणि त्यानंतर ही वाढ अतिशय मंद होते. प्रौढ उंदरात नव्या बीटा पेशी मुख्यतः जुन्या बीटा पेशींपासूनच होतात हे २००४ मध्ये दिसले. प्रौढ मानवात मूलपेशींपासून बीटा पेशींची पुरेशी भरपाई होते याचा पुरावा नाही. आंत्र हे वाहते पाणी, तर बीटा पेशी ही विहिरीतील मर्यादित शिल्लक आहे.

ही शिल्लक दोन मार्गांनी घटते. बालवयातील मधुमेहात शरीराची रोगप्रतिकारसंस्थाच बीटा पेशींचा नाश करते. प्रौढांच्या मधुमेहात ऱ्हास हळूहळू होतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या शवविच्छेदनांच्या अभ्यासात मधुमेही व्यक्तींच्या बीटा पेशींचे प्रमाण समान शरीरयष्टीच्या निरोगी व्यक्तींहून, स्थूलांत ६३ टक्क्यांनी व कृशांत ४१ टक्क्यांनी कमी आढळले. मात्र यातील प्रत्येक पेशी मेलेलीच असते असे नाही. २०१२ मध्ये उंदरांत असे दिसले की, दीर्घ ताणाखाली काही बीटा पेशी आपली ओळख विसरून न्यूरोजेनिन-३ प्रकट करणाऱ्या भ्रूणसदृश अवस्थेकडे परततात. पेशी असते, पण कार्य करीत नाही.

८. चिकित्सकांसाठी बोध

(अ) बालवयातील मधुमेह : इन्सुलिन सुरू केल्यानंतर काही आठवड्यांत अनेक बालकांची इन्सुलिनची गरज घटते. उरलेल्या थोड्या बीटा पेशींवरील भार कमी झाल्याने त्या काही काळ कार्य करू लागतात. हा काळ काही महिन्यांचा असतो व पुढे गरज पुन्हा वाढते. या अवधीत जे औषध चालू असेल त्यास यश मिळाल्याचा भास होतो. अशा वेळी इन्सुलिन बंद केल्यास अम्लसंचय होऊन बालकाचे प्राण जाऊ शकतात. म्हणून इन्सुलिन बंद करण्याचा सल्ला कोणत्याही वैद्याने देऊ नये, आणि 'बीटा पेशी पुन्हा निर्माण होतात' असा दावा आपल्या औषधाविषयी करू नये. जन्मजात प्रमेह बीजदोषामुळे असाध्य, हे चरकाचार्यांनी स्पष्ट सांगितले आहे. असाध्यतेची प्रामाणिक कबुली हा आपल्या परंपरेचाच भाग आहे.

(आ) सहा महिन्यांच्या आत उद्भवलेला मधुमेह : हा बहुधा एकाच जनुकाच्या दोषामुळे असतो. त्यातील काही बालकांत बीटा पेशी असतात, मात्र त्या इन्सुलिन बाहेर सोडू शकत नाहीत, आणि अशांना तोंडावाटे द्यावयाची औषधे उपयुक्त ठरतात. अशा बालकास जनुकीय तपासणीसाठी त्वरित पाठवावे.

(इ) स्थूल प्रमेही : येथे आशेस जागा आहे. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, निदानास सहा वर्षांहून कमी काळ झालेल्या रुग्णांचे वजन आहारनियंत्रणाने उतरविले असता, वर्षअखेर त्यांतील ४६ टक्के औषधाविना मधुमेहमुक्त स्थितीत होते. थकलेल्या पेशी पुन्हा कार्यास लागतात असा याचा अर्थ होतो. स्थूल प्रमेहीस अपतर्पण व कृशास बृंहण हा भेद संहिताकारांनी केला आहेच. ही चिकित्सा जितक्या लवकर, तितकी शिल्लक अधिक.

(ई) गर्भिणी परिचर्या : बीटा पेशींचा साठा गर्भात घडत असल्याने मातेचे पोषण ही मधुमेहाची पहिली प्रतिबंधक चिकित्सा ठरते. गर्भिणी उंदरांना अल्पप्रथिन आहार दिल्यास पिल्लांच्या बीटा पेशी कमी होतात हे प्रयोगांत दिसले आहे. पुण्याजवळील सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून चालविलेल्या अभ्यासात, आपली नवजात बालके वजनाने कमी असूनही त्यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण तुलनेने अधिक असल्याचे आढळले. मातेतील बी-१२ जीवनसत्त्वाच्या न्यूनतेचा संबंध बालकाच्या पुढील चयापचयाशी असल्याचेही त्यातून दिसले. मासानुमासिक परिचर्या सांगताना दूध, प्रथिनयुक्त आहार व बी-१२ ची तपासणी यांकडे विशेषतः शाकाहारी गर्भिणीत लक्ष द्यावे.

उपसंहार

भ्रूण ज्या क्रमाने बीटा पेशी घडवितो तोच क्रम प्रयोगशाळेत अनुसरून मूलपेशींपासून द्वीपके तयार करण्यात आता यश आले आहे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तानुसार, अशा द्वीपकांची पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ रुग्णांपैकी १० जणांना एका वर्षानंतर इन्सुलिनची गरज उरली नव्हती. परंतु या रुग्णांना रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात आणि त्यांचे धोके गंभीर आहेत. हा मार्ग अद्याप सर्वसामान्य रुग्णासाठी खुला झालेला नाही.

त्या मुलाच्या वडिलांना आम्ही कागदावर चित्र काढून सांगितले की, ही विहिरीतील शिल्लक आहे, सध्या ती थोडी वर आली आहे, पण झरा आटलेला आहे, आणि सुई बंद केली तर मूल हातचे जाईल. चूर्ण थांबविले, आहाराची वेळ बांधून दिली व त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे परत पाठविले. तीन महिन्यांनी इन्सुलिनची गरज पुन्हा वाढल्यावर ते स्वतःच येऊन सांगून गेले. मुलगा आज शाळेत जातो व चारही वेळची सुई स्वतः घेतो. वैद्यमित्रहो, आपल्याकडे असा पालक येईल त्या दिवशी त्यास हे समजावून देण्यास या लेखाचा उपयोग व्हावा, एवढाच तो लिहिण्यामागील हेतू आहे.